हलशीचे देऊळ ‘हेमाडपंती’ नव्हे

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत खानापूर तालुक्यातील पावसाळी सहलींविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात हलशी येथील भूवराह-नरसिंह मंदिराचे वर्णन ‘यादवकालीन हेमाडपंती मंदिर’ असे केलेले आहे. लेख एरवी वाचनीय आहे. नंदगडहून हलशीकडे वळणारा रस्ता, दोन्ही अंगांची झाडी, भाताची खाचरे आणि त्यांच्यामागे उभी राहणारी सह्याद्रीची निळी रांग हे सारे लेखकाने मनापासून लिहिले आहे. देवळाविषयीची वाक्ये मात्र चारच असून त्या चारांत दोन चुका आहेत. मी या तालुक्यात तीस वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला आणि हीच चूक उत्तरपत्रिकांत तांबड्या शाईने खोडत आलो. आता ती छापून आलेली पाहून गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

‘हेमाडपंती’ हा शब्द ज्याच्या नावावरून आला तो हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता. महादेव यादवाने १२६१ ते १२७१ या काळात आणि रामचंद्र यादवाने १२७१ पासून राज्य केले, आणि हेमाद्रीची कारकीर्द या दोघांच्या पदरी गेली. हलशीच्या देवळातील शिलालेखात कलियुगाचे ४२७० हे वर्ष दिलेले आहे. हे देऊळ ज्यांचे त्या गोव्याच्या कदंब राजांची ही एक खास लकब होती. आजूबाजूचे राजे शक संवत घालत असताना ही मंडळी आपल्या लेखांत कलियुगाची वर्षे मोजत. त्यातून ३१०१ वजा केले की इसवी सनाचे ११६९ हे वर्ष येते. म्हणजे हे देऊळ उभे राहून त्यात घंटा वाजू लागल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी महादेव यादव गादीवर आला. ज्याचा जन्मही झालेला नव्हता त्या मंत्र्याच्या नावावर देऊळ चढवणे हा हेमाडपंताचा गौरव म्हणता येत नाही, आणि ज्याने ते खरोखर बांधवले त्याच्यावर तर तो उघड अन्याय आहे.

ज्याने बांधवले तो गोव्याच्या कदंब घराण्यातील पेर्माडी ऊर्फ शिवचित्त. त्याचा बाप दुसरा जयकेशी. आई मैलळदेवी ही कल्याणीच्या चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याची कन्या. शिवचित्त ११४७ च्या सुमारास गादीवर आला, आणि हलशीचा लेख त्याच्या राज्याच्या तेविसाव्या वर्षातला आहे. मठयोगी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका तपस्व्याच्या सांगण्यावरून राजाने हे देऊळ उभारल्याचे आणि देवाच्या पूजाअर्चेसाठी गाव तोडून दिल्याचे त्यात नोंदलेले आहे. देवाचे लेखातले नावही मोठे भारदस्त आहे : अनंतवीरविक्रम नरसिंह. गावात आता एवढे लांबलचक नाव कोणी घेत नाही. ‘नरसिंह’ म्हटले की काम भागते.

देऊळ नीट पाहायचे असेल तर त्याचा आराखडा आधी लक्षात घ्यावा लागतो. आपल्याला सवय असते ती दारातून सभामंडप, पुढे अंतराळ, म्हणजे गाभाऱ्याआधीची लहान जागा, आणि शेवटी गाभारा अशा सरळ रेषेची. हलशीला एकाच मंडपाच्या दोन टोकांना दोन गाभारे आहेत आणि ते समोरासमोर आहेत. साहजिकच मंडपात शिरायचे ते बाजूने, आणि आत उभे राहिले की एका हाताला एक देव आणि दुसऱ्या हाताला दुसरा. एका गाभाऱ्यात नरसिंह आहे आणि त्याच्यासोबत सुमारे चार फूट उंचीची नारायणाची बैठी मूर्ती आहे, तिच्या मागे सूर्य आणि महालक्ष्मी. समोरच्या गाभाऱ्यात सुमारे पाच फुटांचा भूवराह आहे, वराहमुखी, पृथ्वीदेवीला उचलून धरलेला.

एकदा सातवीच्या मुलांना घेऊन मी तेथे गेलो होतो. माहिती सांगून झाल्यावर नेहमीप्रमाणे ‘काही शंका?’ म्हणून विचारले, तेव्हा मागच्या रांगेतील एक मुलगा म्हणाला, “सर, ह्ये दोन द्येव एकामेकाकडं बगत का बसल्यात?” वर्ग हसला. मी मात्र निरुत्तर झालो, कारण तोवर हा प्रश्न मला सुचलेला नव्हता. उत्तराचा धागा तेथील दुसऱ्या लेखात सापडतो. वराहाची मूर्ती त्याच मठयोग्याच्या उपस्थितीत ११८६-८७ मध्ये बसवली गेली आणि ती बसवणारा राजा शिवचित्त नव्हता. तो त्याचा धाकटा भाऊ विजयादित्य ऊर्फ विष्णुचित्त. थोरल्याने नरसिंह बसवला आणि सतरा-अठरा वर्षांनी धाकट्याने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून वराह बसवला. यामागे दोघा भावांचे सख्य होते की मागाहून आलेल्याची ईर्ष्या, हे दगड सांगत नाही. मला स्वतःला ते सख्यच वाटते, पण हे माझे मत झाले. परीक्षेत लिहिल्यास त्याला गुण मिळणार नाहीत. नावांची गंमत मात्र लिहून ठेवण्यासारखी आहे. ज्याचे चित्त शिवापाशी तो शिवचित्त, आणि त्याने बांधवले ते विष्णूच्या अवताराचे देऊळ. या घराण्याचे आराध्य दैवत तर सप्तकोटीश्वर, म्हणजे शिवच. त्यांच्या सिंहछाप सोन्याच्या नाण्यांवर ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ हे बिरुद कोरलेले असे. पोर्तुगीजांनी गोव्यातील दिवाडी बेटावरचे ते देऊळ पाडल्यावर देव नार्वे येथे नेण्यात आला आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी केला, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. कदंबांशी आपले नाते शोधायचे झाले तर ते येथे आहे. त्यासाठी हेमाडपंताला मध्ये घालण्याची गरज नाही.

आता शैलीविषयी. चुना न भरता घडीव दगडावर घडीव दगड बसवलेला दिसला की ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे व्हायचे, ही सवय आपल्याला कधीपासून लागली कोण जाणे. शिलाहारांचे अंबरनाथ येथील शिवमंदिर १०६० मधले आहे, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे. कृष्णाकाठचे खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिरही शिलाहारांचे. तेथे यादव राजा सिंघणाचा १२१३ च्या सुमाराचा दानलेख आहे, म्हणजे देऊळ त्या आधीच उभे होते. तरी दोन्हींवर ‘हेमाडपंती’चा शिक्का मारणारे फलक आणि पुस्तिका मी पाहिल्या आहेत. अनमोड घाट उतरून गोव्यात गेल्यावर तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर लागते. काळ्या बेसाल्टचे ते देखणे कदंबकालीन देऊळही हेमाद्रीच्या खात्यावर जमा करण्याची चाल आहे. दगड बिनचुन्याचा बसवणे हे त्या काळी दख्खनभर चालत आलेले बांधकामाचे तंत्र होते. घर कौलारू आहे एवढ्यावरून ते कोणाचे हे जसे ठरत नाही, तसेच हे.

हलशीचे वेगळेपण पाहायचे असेल तर शिखराकडे पाहावे, आणि त्यासाठी मोठ्या देवळाइतकीच गावातील लहान देवळे उपयोगी पडतात. सहलीला आलेली मंडळी तिकडे फिरकत नाहीत आणि आपल्या लेखातही त्यांचा उल्लेख नाही. कदंब पद्धतीचे शिखर उत्तरेकडच्या शिखरासारखे फुगीर रेषेत वर जात नाही आणि द्राविडी विमानासारखे, म्हणजे दक्षिणी पद्धतीच्या शिखरासारखे, छोट्या छोट्या देवळ्यांनी भरलेलेही नसते. चौरस पायावर एकावर एक आडवे थर पायऱ्यापायऱ्यांनी आत घेत नेलेले आणि माथ्यावर कलश, असा तो एक सरळ, जवळजवळ कोरडा पिरॅमिड असतो. प्रथमदर्शनी हे शिखर साधे वाटते. पण आमच्याकडच्या पावसात त्याच्यासमोर उभे राहून पाहावे. पाणी एका थरावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असे टप्प्याटप्प्याने उतरत असते आणि प्रत्येक थराच्या कडेला पाण्याची झालर लोंबत असते. हे शिखर घडवणाऱ्याने पाऊस पाहिलेला होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. हाटकेश्वराच्या देवळात दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी जाळ्या आहेत, कल्लेश्वराचे खांब अष्टकोनी आहेत, आणि रामेश्वराच्या देवळाला अंतराळावर पुढे आलेला शुकनास आहे, म्हणजे शिखराला पोपटाच्या चोचीसारखे फुटलेले नाक. हे तिन्ही नमुने एका गावात, चालत फिरण्याच्या अंतरात पाहता येतात. त्यातही जाळ्यांपाशी थोडे थांबावे. बाहेर झगझगीत ऊन असले तरी त्यांतून आत येणारा उजेड निवळलेला असतो, आणि गाभाऱ्यातील समईची ज्योत त्याने फिकी पडत नाही.

याच घराण्याच्या बांधकामाची दुसरी बाजू पाहायची असेल तर कित्तूरजवळ देगावला जावे. शिवचित्ताची राणी कमलादेवी हिने ११७४ च्या सुमारास तेथे कमलनारायणाचे मंदिर बांधवले. तेथे एका ओळीत तीन गाभारे आहेत : एकात नारायण, दुसऱ्यात मांडीवर लक्ष्मी घेतलेला लक्ष्मीनारायण आणि तिसऱ्यात कमला म्हणजे महालक्ष्मी. पुढे लांबच लांब मंडप, आणि त्यातले खांब चाकावर फिरवून उतरवल्यासारखे गुळगुळीत. शिल्पकाराचे नावही उरले आहे, तिप्पोज. राजा बांधतो हलशीला, राणी बांधते देगावला, आणि दोघांच्या कामात एवढा फरक! हलशीचे काम जरा आखडते वाटते, देगावचे हात सैल सोडून केलेले. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराचे छत ज्यांनी मान वर करून पाहिले आहे त्यांना देगावचे खांब ओळखीचे वाटतील. कमल बस्ती १२०४ ची, सौंदत्तीच्या रट्ट राजांच्या काळात बिचिराज मंत्र्याने बांधवलेली. तीही हेमाद्रीच्या आधीची, हे जाता जाता.

लेखातील दुसरी चूक ही की ‘गावाचा इतिहास या मंदिरापासून सुरू होतो’ असे त्यात म्हटले आहे. देऊळ झाले तेव्हा हलशी हे गाव किमान सात शतके जुने होते. त्याचे प्राचीन नाव पलाशिका, आणि बनवासीच्या जुन्या कदंब राजांची ती दुसरी राजधानी. गोव्याचे कदंब स्वतःला त्याच वंशाचे मानत, आणि ‘पलसिगे बारा हजार’ (पलसिगे म्हणजे पलाशिकाच) या नावाचा त्यांच्या राज्याचा एक मोठा प्रांत होता. एकोणिसाव्या शतकात हलशी-नंदगड वाटेवर चक्रतीर्थ नावाच्या लहानशा विहिरीजवळ मातीच्या उंचवट्यात ताम्रपट सापडले. ते मुंबई इलाख्याचे सनदी अधिकारी जे. एफ. फ्लीट यांनी वाचून प्रसिद्ध केले. भाषा संस्कृत, काळ पाचवे-सहावे शतक. एका ताम्रपटात काकुस्थवर्म्याने युवराज असताना श्रुतकीर्ती या सेनापतीला जमीन दिल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्यात मृगेशवर्म्याने आपला पिता शांतिवर्मा याच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधून ३३ निवर्तने (जमीन मोजण्याचे जुने माप) जमीन जैन साधूंच्या संघांना दिल्याची नोंद आहे. मला सर्वांत आवडतो तो रविवर्म्याचा. दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याचे चार महिने तपस्व्यांच्या भोजनाची सोय व्हावी, अशी व्यवस्था त्याने लावून दिली. खानापूर तालुक्याचा पाऊस ज्याने अनुभवला आहे त्याला या चार महिन्यांच्या तरतुदीचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. त्या दिवसांत आमच्याकडे आजही घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करतो. नरसिंहाच्या देवळाआधी या गावात जिनाचे देऊळ गाजत होते, एवढे ध्यानात असावे.

येथे एक नाजूक गोष्ट लिहितो. आमच्या सीमाभागात जुने देऊळ दिसले की ते ‘कोणाचे’ हा प्रश्न आधी उठतो आणि ‘कसे आहे’ हा मागे पडतो. यादवांचे म्हटले की आपले, कदंबांचे म्हटले की त्यांचे, असा काहीसा हिशेब दोन्हीकडच्या डोक्यांत असतो, आणि ‘हेमाडपंती’ या शब्दाच्या लाडाचे एक कारण तेच असावे. पलाशिकेचे ताम्रपट संस्कृतात आहेत, गोव्याच्या कदंबांचे लेख संस्कृतात आणि कन्नडात आहेत, त्यांचे राज्य कोकणात आणि घाटावर दोन्हीकडे होते, आणि आज त्या देवळात आरती म्हणणारे गावकरी घरी मराठी बोलतात. यातील एकही गोष्ट दुसरीला खोटी पाडत नाही. मराठी माणसाचा सीमाभागावरील हक्क अशा उसन्या विशेषणावर उभा असता तर तो केव्हाच कोसळला असता. मी स्वतः सीमालढ्याच्या मोर्चांत चाललेला माणूस आहे, म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असे समजतो.

नाव चुकले की निगा चुकते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या तालुक्यातील एका गावी, नाव मुद्दाम लिहीत नाही, एका जुन्या लहान देवळाच्या जीर्णोद्धाराच्या बैठकीला मला बोलावले होते. ‘हेमाडपंती आहे, अशी शेकडो आहेत’ या एका वाक्यावर विषय संपला. महिन्याभरात दगडी भिंतींच्या सांध्यांत सिमेंट भरले गेले, आतून पांढऱ्या चकचकीत फरशा लागल्या आणि खांबांना तैलरंग चढला. दाराशी एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मृतिदगड, पडलेला असे. त्याच्या सर्वांत खालच्या चौकटीत गायी वळवणारी माणसे होती, मधल्यात अप्सरा वीराला वर नेत होत्या. तो पायरी म्हणून पालथा घातला गेला. दोन पावसाळ्यांनंतर गेलो तर सिमेंटच्या कडेने दगडाचे पापुद्रे सुटत होते. कारण साधे आहे. जुना चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडून ठेवते, मग पाणी वाट काढते ते दगडातून आणि जाताना त्याचा पृष्ठभाग घेऊन जाते. तैलरंगाचेही तसेच, तो निघतो तेव्हा त्याच्यासोबत नक्षीची धार जाते. गावकऱ्यांची श्रद्धा कमी पडली असे मी म्हणणार नाही, त्यांनी वर्गणी काढून, अंगमेहनत करून हे सारे केले होते. त्यांना देवळाचे वय कोणी सांगितले नव्हते, आणि बैठकीत बसूनही मी ते पुरेशा ठामपणे सांगितले नाही, हा माझा दोष.

आमच्याच तालुक्यातील ख्रिस्ती बांधवांची एक रीत मला या बाबतीत फार आवडते. त्यांच्या बऱ्याच चर्चच्या दर्शनी भिंतीवर, क्रुसाच्या खाली, बांधकामाचे वर्ष मोठ्या आकड्यांत घातलेले असते. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही ते वाचता येते. आमच्या देवळांनी आपली वर्षे आत, अंधारात, जुन्या लिपीत लिहून ठेवली आणि आम्ही त्यांवर हळदकुंकू वाहून ती बुजवली. हलशीला मंदिराच्या आवाराबाहेर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत एक साधा फलक असावा आणि त्यावर ११६९ आणि ११८६-८७ ही दोन वर्षे, शिवचित्त व विष्णुचित्त ही दोन नावे आणि मठयोग्याचा उल्लेख असावा, एवढी माझी मागणी आहे. चार ओळींचे काम आहे. संबंधितांनी मनावर घेतले तर येत्या पावसाळ्यापूर्वी होऊ शकते. मजकूर दोन्ही भाषांत विनामूल्य तपासून देण्यास मी आणि माझे एक कन्नड शिक्षक मित्र तयार आहोत.

आपल्या वाचकांपैकी जे तेथे जातील त्यांना एक सूचना. शिलालेख पाहताना बॅटरीचा झोत समोरून टाकू नये, त्याने दगड नुसता पांढरा दिसतो. बॅटरी भिंतीला चिकटवून बाजूने धरावी. मग अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ओळी आपोआप उठून दिसू लागतात. बोटे फिरवू नयेत आणि अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ तर मुळीच लावू नये.

शेवटी एक किरकोळ दुरुस्ती. लेखासोबत छापलेल्या छायाचित्राखाली ‘नरसिंहाची मूर्ती’ अशी ओळ आहे. छायाचित्र समोरच्या गाभाऱ्यातले, वराहाचे आहे. मुखाकडे पाहिल्यास आयाळ नसून सुळे दिसतात आणि भूदेवीही ओळखू येते. पुढील रविवारी ही ओळ दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव